फळांच्या गोळ्यांतलं डुक्कर

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा खोकला थांबला का? वहिनीची कंबर कशी आहे? आम्ही खुशाल आहोत. फक्त गेला आठवडाभर देवासमोर उभं राहताना मान वर होत नव्हती, त्याची ही हकिकत.

नणंदबाईंनी सासूबाईंसाठी मऊ फळगोळ्यांची बरणी आणली होती. (दात नाहीत, चघळायला सोय. वन्संचा हेतू चांगलाच होता, हे आधीच लिहून ठेवते.) महिनाभर रोज प्रार्थना झाली की मी माझ्या हाताने त्यांना दोन गोळ्या देत होते. मागच्या आठवड्यात बरणी पुसताना भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली. साखर, रंग, आणि जिलेटिन. मॅट्रिकपर्यंत हा शब्द काही भेटला नव्हता. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, वहिनी, चित्र बघा ना, संत्रं आहे! आता डुकराचं चित्र छापून गोळ्या कोण विकेल, तूच सांग. शेजारच्या मास्तरीणबाईंनी खरं ते सांगितलं: हे जनावराच्या कातडी-हाडांपासून काढतात, पुष्कळदा डुकराच्या. तशीच घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपरातून मान न काढता विचारलं, एवढ्याशा गोळीत डुक्कर मावलं कसं?

‘पुष्कळदा’वर मी थांबणारी नव्हे. कंपनीला फोन लावला. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, ‘प्राणिजन्य.’ कोणता प्राणी, म्हटल्यावर तिने मला संगीत ऐकवलं. (तीनदा. चाल पाठ झाली.) चौथ्या दिवशी एक साहेब फोनवर आले आणि हळूच म्हणाले, डुक्कर.

मग सासूबाईंना सांगणं आलं. पाप माझ्या हातून घडलं होतं, तेव्हा तोंडही माझंच उघडायला हवं. माझ्या नकळत उशाखाली ठेवलेली एक गोळी चघळत त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, “अगं, तोंडात असताना सांगायचं असतं का? आधी गिळू तरी द्यायचं!”

बरणी त्याच दिवशी दुकानात परत केली. आता फळांच्या सालीतल्या पेक्टिनने घट्ट केलेल्या गोळ्या शोधून आणल्यात. यापुढे या घरात वाचल्याशिवाय काहीही कुणाच्या पोटात जाणार नाही, असा माझा नेम आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. मूळ काम राहिलंच. तू औषधाच्या दुकानात बसतोस म्हणून विचारते. गुडघ्यांसाठी तू दिलेल्या कॅप्सूल मी दोन वर्षं रोज घेतेय. काल त्यांची डबी वाचायला घेतली, ‘कवच’ या शब्दापर्यंत आले आणि भिंग खाली ठेवलं. ते कवच कशाचं, हे तू नीट चौकशी करून कळव. जे असेल ते स्पष्ट लिही, माझी भीड धरू नकोस.

आणखी एक. फोन करू नकोस, पत्रच टाक, आणि तेही साध्या टपालाने. गुडघे आता कुठे वळायला लागलेत, आणि डबीत अजून एकवीस दिवसांच्या शिल्लक आहेत.