मणक्यातला पू

२ जुलै
सांगलीहून येऊन फुलसावंगीच्या शाळेत रुजू झाले. सातवीचा वर्ग मिळाला. घरमालक भगवानरावांच्या माडीवरची खोली हवेशीर आहे. खिडकीतून कपाशीची नुकती उगवलेली रोपं दिसतात. त्यांच्या पत्नी तानाबाईंनी गरम भाकर आणि झुणका वर आणून दिला. पोरं आत्तापासूनच 'अर्पिता मॅडम' म्हणून हाका मारतात. इथं करमेल मला.

१४ जुलै
मानेखाली गळू झालं होतं. सकाळी उशीवर पिवळा डाग, त्याला नासक्या दुधाचा वास. राहवलं नाही, दोन नखांत धरून पिळलं. पू आरशावर उडाला. ठणका थांबला. तानाबाई ओरडल्या, "मॅडम, कायले पिळलं? दवाखान्यात दाखवाचं होतं ना!"

४ ऑगस्ट
गळू भरून आलं. पाठ मात्र धरलीय. फळ्यावर लिहायला हात वर केला की कळ येते. गावातल्या डॉक्टरांनी लचक म्हणून सुई दिली.

११ ऑगस्ट
ताप. घामानं चादर ओली, आंबूस. सुईचा असर उतरला की पाठीत खिळा ठोकल्यासारखं होतं. आडवं पडूनही चैन नाही.

१३ ऑगस्ट
भगवानरावांनी गाडी करून यवतमाळला आणलं. डॉक्टरांनी एकेक मणका बोटानं ठोकून पाहिला. एका जागी मी किंचाळले. रक्त तपासलं, एमआरआय झाला. गळवातले जंतू रक्तातून मणक्यात गेलेत म्हणाले. दोन मणक्यांमधली चकती कुरतडली गेलीय, तिथं पू साचलाय. मी पिळला तसलाच पू, माझ्या आत. भडभडून उलटी झाली.

१४ ऑगस्ट
पाठीत लांब सुई घालून पू काढला. जंतू कुठले, औषध कुठलं लागू पडेल, ते त्यावरून कळणार. बाटलीकडे बघायचं नव्हतं. बघितलं. दाट, हिरवट. सलाईनमधून औषध सुरू झालंय, कित्येक आठवडे चालणार. पाय जड वाटले तर लगेच सांगा, असं बजावलंय.

१५ ऑगस्ट
तोंडात पुवाची चव. चूळ भरली तरी — सोबतीला आलेल्या तानाबाई म्हणतात, "मॅडम, काहीच वास येऊन नाही राह्यला." मला येतो. आतून.

१६
लघवीनं चादर ओली झाली, मला कळलंच नाही — स्वतःचीच किळस — पू मज्जारज्जू दाबतोय, आजच ऑपरेशन —

सिस्टर पायाशी उभी आहे. विचारते, कुठल्या बोटाला टोचतेय? म्हटलं, आधी टोचा तरी. मान उचलून पाहिलं — दोन्ही पायांच्या बोटांवर रक्ताचे ठिपके, आणि टाचणी अजून —