डंपरच्या वाटेवर भात

२३ जून
दुपारी सुरुंग. फळीवरची भांडी हलली. आई म्हणाली, "वाजलं." तिला ऐकू कमी येतं, जमिनीतून कळतं.
उंबराखालचा झरा महिनाभर गढूळ होता. आज आलाच नाही. चिमामावशी ठाकरवाडीवरून हंडे घेऊन उतरली, रिकामेच घेऊन निघाली. आमच्या अंगणात थांबली.
"बाई, डोंगराला चीर ग्येली. पानी खाली कुटंतरी पळालं."
हे पलीकडच्या डोंगराच्या खाणीमुळे. तो डोंगर निम्मा गेला. आता कंपनीला आमचं पठार हवं आहे. मालक परदेशी. वर्षातून एकदा येतात, पांढरी हेल्मेट घालून पठाराकडे बघतात, हात मिळवतात, जातात.

२५ जून
पठारावर डंपर चढायला वाट एकच. बाकी सगळीकडून वनखात्याची हद्द. वाट ओढ्याकाठच्या भातखाचरांतून जाते. खाचरं मारुतीची.
मारुतीने वाट दिली.
माझा धाकटा भाऊ. हिवाळ्यात डंपरपुढे आडवा पडला होता. थंडी होती म्हणून मीच त्याच्या अंगावर गोधडी टाकली.
बबनआबा पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यो मारुती डोंगर उचलून आणायचा. ह्यो आपला इकून आला." लोक हसले. मीही.

२६ जून
त्याच्या घरी गेले. तो पंप दुरुस्त करत होता. मान वर केली नाही.
"का दिलीस?"
"आक्का, तुझं लोनावळ्याला घर हाय. कॉलेजची पेन्शन हाय. तू वाचव डोंगर."
"आणि झरा?"
"कंपनी टँकर देनार हाय."
टँकर. लहानपणी त्या झऱ्याला तोंड लावून पाणी प्यायलो आम्ही.
घराबद्दल बोलला ते खरं आहे. म्हणूनच माफ करणार नाही. यापुढे इथे त्याचं नाव लिहायचं नाही. मा. पुरे.

३० जून
देवळात बैठक. कुणी म्हणालं, वाळीत टाका. वाळीत टाकणं गुन्हा आहे, मी सांगितलं. इर्जिकीला न जाणं गुन्हा नाही.
मग आबा म्हणाले, "लय वंगाळ बोलला बाई." पण मान डोलावली.
आमच्याकडे लावणी कुणी एकटं करत नाही. आज याचं खाचर, उद्या त्याचं. सगळं गाव उतरतं, हीच इर्जिक. ज्याचं खाचर, त्याची चूल. बोलावणं नसतं. खाचरात उतरलेल्याला कुणी वर काढत नाही, जेवल्याशिवाय कुणी जात नाही.
मा. च्या खाचरात या वर्षी कुणी उतरणार नाही. ठरलं. मी ठरवलं.

८ जुलै
बांधावरून रोज जाते. त्याचं रोप गुडघ्याला आलंय, पिवळं पडतंय. रोप म्हातारं झालं की फुटवे धरत नाही.
बघायला बरं वाटतं. असं लिहायला नको होतं. राहू दे.

११ जुलै
टाकव्याच्या बाजारात मा. कंपनीच्या माणसाबरोबर चहा पीत होता. हसत होता.
येताना ओढ्याकडे वळले. वरच्या दोन खाचरांत त्याने आणि त्याच्या बायकोने, नंदाने, दोघांनीच थोडं रोप लावलंय. खालच्या खाचरांत लावणीआधीची चिखलणीच केलेली नाही. मुद्दाम. पाऊस ओसरला की तिथेच रस्त्याचा मुरूम पडणार.
म्हणजे आम्ही त्याला शिक्षा केली नाही. सुट्टी दिली.
घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. आईला वाटलं, ताप आहे.

१४ जुलै
एक आठवलं. मार्चमध्ये टाकव्याला जनसुनावणी झाली तेव्हा कंपनीचा साहेब सरकारी माणसाच्या शेजारी उभा राहून माइकवर म्हणाला, "उभ्या पिकाला आम्ही कधीच हात लावणार नाही." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नव्हत्या. आज वाजवाव्याशा वाटल्या.
आबांकडे गेले. म्हटलं, आपण लावू त्याची खालची खाचरं. सगळं गाव. न विचारता.
आबांनी तंबाखू मळायची थांबवली.
"त्याच्या रानात? आपलं रोप?"
"प्रत्येकाच्या वाफ्यात उरलंय."
"आन त्यो आडवा आला मंग?"
"इर्जिकीला कोण आडवं येतं?"
बराच वेळ हसत होते. खोकला लागेपर्यंत. "बाई, पोरांना कॉलेजात ह्येच शिकिवलं का?"
मग मी दुसरी गोष्ट सांगितली. लावायचं, पण त्याच्या घरचं खायचं नाही. हात धुवायचे आणि निघायचं. सगळ्यांनी.
हसणं थांबलं.
"ह्ये कशाला?"
"त्याला कळायला."
"कळंल की त्याला." तंबाखू तोंडात टाकली. होय म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

१७ जुलै
झालं.
सकाळी औत घातलं, चिखलणी उरकली, बायका उतरल्या. आईला मी नेलं. मुद्दाम. ती खाचरात असली की तो हात उगारणार नाही, शिवी देणार नाही, पोलिसांना फोन करणार नाही. हे मला माहीत होतं. तिला मी एवढंच सांगितलं, मारुतीची लावणी आहे. ती काठी टेकत पुढे निघाली.
तो धावत आला. "कुनाला इचारून? ए आबा! कुनाला इचारून उतरला?"
आबा वाकलेलेच. "इर्जिकीला इचारत्यात व्हय रं?"
मग त्याला आई दिसली. नऊवारीचा काचा मारून पोटरीपर्यंत चिखलात.
"आये, वर ये."
"गप. मूठ दे."
तो उभा राहिला. बांधावर रोपाच्या मुठी पडल्या होत्या. त्याने एक उचलली आणि दिली. मी बघितलं.
चिमामावशी ओरडली, "मारुतराव, चुलीवर काय चढिवलंय? वास येईना जनू!" बायका हसल्या. नंदा घराकडे पळाली. तिला कुणी सांगावं लागलं नाही.
दुपारी भात, आमटी, वांगं. अंगणात पत्रावळी मांडलेल्या. लोकांनी ओढ्यावर पाय धुतले आणि अंगणावरून सरळ निघून गेले. नंदा हातात भाताचं पातेलं धरून उभी. चिमामावशीने खाली मान घातली होती. मा. दारात. त्याचा चेहरा मला हवा होता तसा झाला.
सगळ्यांच्या मागे मी. वळून पाहिलं तर आई पत्रावळीवर बसली होती. एकटी. जेवत होती. तिने पुन्हा भात मागितला.
मी हाक मारली नाही. ती आली नाही.

१८ जुलै
मा. ने तिला संध्याकाळी मोटरसायकलवरून सोडलं. उंबऱ्याच्या आत आला नाही.
आई सकाळी म्हणाली, "उपाशी काढलीस मान्सं."
"त्याला कळायला हवं होतं."
"तू लावाया आली न्हवतीस."
खरं होतं. मी चिखलात पायसुद्धा घातला नव्हता. बांधावर उभी होते.

२२ ऑगस्ट
पावसाने उघडीप दिली. मुरमाचे डंपर आणि डोझर ओढ्यापर्यंत आले. पुढे हिरवंगार. आबांनी मोबाइल वर धरला, चित्रण चालू आहे हे साहेबाला दिसेल असा. साहेब मा. ला सगळ्यांसमोर बोलला: "जमीन मोकळी देणार होतात ना तुम्ही? हे काय आहे?"
मा. म्हणाला, "भात हाय, सायेब."
लोक खो खो हसले. तो विनोद करत नव्हता.
डंपर परत गेले. डोझर ओढ्यापाशीच ठेवून गेले.
रात्री पोटभर जेवले. पुष्कळ दिवसांनी.

९ सप्टेंबर
ओढ्याला लोंढा येऊन खालच्या खाचराचा बांध फुटला. पीक वाहून गेलं असतं तर त्याचं काम फत्ते. घरात बसून राहिला असता तरी चाललं असतं.
पहाटे तिथे मा. कमरेपर्यंत पाण्यात. दगड लावत होता. नंदा माती ओढत होती.
आबांना सांगितलं. म्हणाले, "हातानं मूठ दिली ना त्यानं."
मला हे आवडलं नाही. मला तो सरळ हवा आहे. पूर्ण वाईट.

११ ऑक्टोबर
लोंब्या वाकल्या. पिकाचा वास ओढ्यापलीकडे येतो.
कंपनीने खांबावर कागद लावलाय. पीक निघाल्यावर रस्त्याचं काम सुरू होईल. शब्द पाळणारी कंपनी. मार्चमधला शब्द आता आमच्याच गळ्यात.
खाणीविरुद्धची आमची याचिका कोर्टात आहे. तारीख दिवाळीनंतर. पीक त्याच्या आधी निघतं.

२६ ऑक्टोबर
नंदा आली. लावणीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. पाणी दिलं, प्यायली.
"वन्सं, परवा कापनीची इर्जिक हाय. सगळ्या गावाला यायला सांगितलंय त्यांनी."
"इर्जिकीला बोलावणं नसतं."
"म्हायती हाय. तरी सांगितलंय."
"वरची खाचरं, की खालचीपण?"
"त्ये न्हाई बोललं." पदराने तोंड पुसलं. "सैपाक समद्यांचा करनार हाय, म्हनालं."
गेली.
कापलं तर वाट मोकळी. नाही कापलं तर गावाच्या हाताने लावलेलं भात शेतात गळणार. त्याने काय ठरवलंय, मला कळत नाही. कदाचित हा त्याचा सूड. माझ्यासारखाच. कदाचित नुसतं जेवण.

२७ ऑक्टोबर
आबा आले. बसले नाहीत. मागे चिमामावशी, आणखी बायका.
"बाई, लोक इचारत्यात. उद्या उतरायचं का न्हाई? लावायचं तुमी सांगितलं. आता तुमीच सांगा."
संध्याकाळी सांगते म्हटलं.
आई ओसरीवर दगडावर विळा घासतेय. तिने कुणाला विचारलेलं नाही. संध्याकाळ झाली.