गुनहिल्डला घातलेला वळसा

गुरुवार, ८ नोव्हेंबर २०१८

प्रिय व्हर्लिन,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. फोन तू उचलत नाहीस, दारात आले तर ट्रॅक्टर काढून निघून जातोस. म्हणून हे कॉनीच्या हाती देते आहे. नवऱ्याच्या हातात ठेवल्याशिवाय हलू नकोस, असं तिला बजावलंय.

आज चर्चच्या तळघरात शनिवारच्या मासळीच्या जेवणाची तयारी होती. वास अजून माझ्या केसांत आहे. कॉनी माझ्याशेजारी बटाटे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, सोमवारी खोदाईचं मशीन येतंय, जमीन गोठायच्या आत डुकरांच्या नव्या शेडखालचा घाणीचा खड्डा काढून घ्यायचाय. मी विचारलं, कुठे काढताय? तर म्हणाली, "जुन्या दफनभूमीच्या उत्तरेला, ते गवताचं बेट आहे ना शेतात, तिथंच." मी हातातली सुरी खाली ठेवली.

आधी कामाचं सांगते. त्या बेटावर खोदू नकोस. शेड बांध, हवी तेवढी डुकरं पाळ, मला काही देणंघेणं नाही. पण खड्डा तिथे नको.

आता का ते ऐक. मी आणि माझी मैत्रीण डोलोरेस गेल्या वसंतापासून त्या दफनभूमीत काय करतो आहोत ते तुला माहीत आहे. तू धान्याच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणालास म्हणे, "माझी बहीण म्हाताऱ्यांचे दगड धूत फिरते, जिवंत माणसांशी तिचं जमत नाही." कळलं मला. गावात असं काही झाकून राहत नाही. तर हो, धुतो आम्ही दगड. पाणी आणि मऊ ब्रश, दुसरं काही लावायचं नाही. मग आरशाने ऊन तिरपं पाडलं की पुसलेली अक्षरं वर येतात. डोलोरेस फोटो काढते, मी नावं लिहिते. नॉर्वेहून येऊन ज्यांनी हा माळ पहिल्यांदा फोडला, त्यांची पतवंडं आता कुठे कुठे विखुरली आहेत. ती पत्रं पाठवतात, आमची माणसं सापडतात का बघा म्हणून. सापडली की ती फोनवर रडतात. मला तरी हे काम रिकामटेकडं वाटत नाही.

उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातून लॉरेल नावाच्या बाईचं पत्र आलं. तिची आजी मारित. लहानपणी आई गेल्यावर तिला इथून काकाकडे पाठवून दिलं होतं. मारितच्या आईचं नाव गुनहिल्ड ट्वेटेन. म्हणजे आपल्या हाल्वोर पणजोबांची पहिली बायको, अँटन आजोबांची आई. आपली सख्खी पणजी! लॉरेलने लिहिलं होतं, "आजी मरेपर्यंत एकच सांगायची, माझी आई कुंपणाबाहेर आहे. आम्हाला त्याचा अर्थ कधी कळला नाही."

मला पटकन कळला, आणि नको तेवढा कळला. हाल्वोर पणजोबांचा दगड आत आहे, शेजारी दुसरी बायको बेर्टा आहे. पहिलीचा पत्ता नाही. घरात आपल्याला काय सांगितलं होतं? तापाने गेली, कुठेतरी वाटेत पुरली. वाटेत कुठली रे? मारित आणि अँटन दोघंही इथेच जन्मले. इथे आल्यावर ही बाई कुठल्या वाटेवर गेली?

मका निघाल्यावर मी कुंपण ओलांडलं. हो, तुझ्या शेतात, तुला न विचारता. तुला विचारायला सप्टेंबरात आलेच होते की! पिकअपची काच अर्धी खाली करून तू काय म्हणालास आठवतं? "आर्डिस, मेलेल्यांचं काम कुंपणाच्या आत कर. बाहेरचं माझं आहे." आणि काच वर. डोलोरेस म्हणाली, "तुझ्या भावाला कुणी माणसात आणलंच नाही वाटतं." मी तिच्यावरच खेकसले. माझ्या भावाला बोलायचं तर मी बोलेन.

तर सळई घेऊन मी त्या बेटावर गेले. मातीत गाडलेले दगड आम्ही त्या सळईने शोधतो. दगड लागला की हात झिणझिणतो. कधी न हललेल्या जमिनीत सळई थोडी जाते आणि घट्ट अडते. बेटाच्या कडेने सगळीकडे ती अडली. मधोमध मात्र लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली. तिथून दोन बोटं सरकून पुन्हा, पुन्हा. डोलोरेसने छोट्या झेंड्या रोवल्या. एका माणसाची लांबी, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, आतल्या सगळ्यांसारखेच. दगड कुठेच नाही, व्हर्लिन.

बाबा म्हणायचे, "तिथे मोठा धोंडा आहे, नांगराचा फाळ मोडेल, वळसा घाला." आजोबाही तेच म्हणायचे. आणि आपण मान हलवत आलो. आपण! दर वसंतात शाळा बुडवून दगड वेचणारे आपण. बर्फ वितळला की बादली घेऊन शेतात, पाठ मोडेपर्यंत. आपल्या घराण्याने मुठीएवढा दगड कधी शेतात ठेवला नाही, आणि एक धोंडा शंभर वर्षं तसाच सोडला? मला हे इतक्या उशिरा कळावं याची लाज वाटते.

आजोबांनी आपल्या आईला वळसा घातला, बाबांनी आपल्या आजीला. तूही घातलास, इतकी वर्षं. आता तिच्यावर डुकरांची घाण सोडणार आहेस का?

डोलोरेस म्हणते, शेरिफला फोन करू, कायदा आहे, सोमवारी मशीन हलणारसुद्धा नाही. तिचं खरं आहे. मीच तिचा हात धरलाय. रविवारी संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाली. पोलिसाच्या तोंडून तुला हे कळावं असं मला वाटत नाही. पण तिने फोन केला तर मी आड येणार नाही, हेही स्पष्ट सांगते.

त्या काळी कुणाला कुंपणाबाहेर ठेवायचे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्यावर या पत्रात मी काही लिहिणार नाही.

तुझी,
आर्डिस


शनिवार, १० नोव्हेंबर

व्हर्लिन,

कॉनीने तुझं उत्तर आणून दिलं. माझ्याच पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीने: "तिथे दगड आहे." बस. बाकी शाई महाग झाली असेल.

मी ते वाचलं तेव्हा तळघरात दोनशे माणसं जेवत होती. कॉनी उभी होती, तिचे डोळे सुजलेले. "तो दोन दिवस जेवला नाही," म्हणाली. "नुसता खिडकीतून शेताकडे बघत बसतो. आर्डिस, त्याला एकटं सोड ना." मी म्हटलं, "दोन वर्षं एकटंच तर सोडलंय. काय उजेड पडला?" ती रडली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

तर आता लिहिते. मी परवा टाळलं ते.

ट्रॅव्हिस.

घे, लिहिलं तुझ्या पोराचं नाव. तुझ्या घरात ते कुणी घेत नाही. त्याचा फोटो दिवाणखान्यातून गेला, त्याची खोली बंद. कुणी विचारलं तर तू म्हणतोस अपघात. अंत्यविधीच्या जेवणात तो नवा बँकवाला म्हणाला, "केवढा दुर्दैवी अपघात," आणि माझं तोंड सुटलं. "अपघात नव्हता. पोरगं आतून खचलं होतं, आणि आपण कुणी त्याला विचारलं नाही." तू सँडविचची थाळी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. तेव्हापासून, पिकअपमधली ती दोन वाक्यं सोडली तर, तू माझ्याशी बोललेला नाहीस.

ती जागा चुकीची, समोरची माणसं चुकीची, हे मान्य. बोलले ते चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. मीही त्यात होते की! माझ्या ओट्याशी बसून वायफळ बडबडणारा पोरगा त्या शरद ऋतूत गप्प झाला, आणि मी त्याला ॲपल पायचा आणखी एक तुकडा वाढला. त्याला विचारलं नाही मी. ते मला रोज टोचतं.

गुनहिल्डने काय केलं, का केलं, कुणालाच कळणार नाही. दोन लहान पोरं, तिसरा हिवाळा की पाचवा, घर म्हणजे गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा, बोलायला जवळ बाईमाणूस नाही. स्वतःचा जीव घेणाऱ्याला पवित्र जमीन नाही म्हणून पास्टरने तिला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. ट्रॅव्हिसच्या वेळी आपल्या पास्टरने काय केलं? त्याला गावातल्या दफनभूमीत मधोमध जागा दिली, शेवटपर्यंत तुझा हात धरून उभा राहिला. आज कुणी कुंपण घालत नाही, व्हर्लिन. तू घातलंस. तुझ्या पोराला तू स्वतः बाहेर ठेवलंयस, आणि मला राग येतो. खूप राग येतो. तो माझाही होता.

उद्या संध्याकाळी डोलोरेस फोन करणार. मी तिच्याशेजारी बसलेली असेन. तुला काय करायचं ते त्याआधी कर.

आर्डिस


रविवार

आर्डिस,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, तुला माहीत आहे. कॉनी म्हणाली जेवढं येतं तेवढं लिही.

तिथे दगड नाही हे मला माहीत होतं. शेत माझ्या नावावर केलं त्या दिवशी बाबा मला तिथे घेऊन गेले. म्हणाले, ही आजोबांची आई. तिने स्वतःच जीव दिला. आजोबा मोठे झाल्यावर त्यांनी हे शेत घेतलं ते तिच्यासाठीच, दुसऱ्या कुणी नांगर घालू नये म्हणून. "वळसा घाल आणि तोंड बंद ठेव. बायकांना सांगू नको." मी नाही सांगितलं. तुला तर नाहीच. तू गावभर केलं असतंस.

एवढंच असतं तर मी मरेपर्यंत वळसा घातला असता. त्यात मला त्रास नव्हता. उलट बरं वाटायचं.

ट्रॅव्हिस गेला त्या वर्षी मका काढताना तो मशीनवर माझ्याबरोबर होता. बेटापाशी आलो तर म्हणाला, "बाबा, खरं सांगा, काय आहे इथे?" मी म्हटलं दगड. तो हसला. म्हणाला, "आपल्या घराण्यात दगड ठेवतात होय? उद्या मी काढूनच टाकतो." मी त्याच्यावर ओरडलो. इतक्या जोरात मी त्याच्यावर कधी ओरडलो नव्हतो. तो गप्प झाला. पुढच्या महिन्यात तो गेला.

मला सांगता आलं असतं, आर्डिस. की इथे आपली पणजी आहे, तिला जगणं झेपलं नाही, आणि आपण तिला टाकलं नाही. आपण शंभर वर्षं तिच्या बाजूने जपून चालतो. कदाचित तो म्हणाला असता, मलाही झेपत नाहीये. कदाचित नसता म्हणाला. पण मी दगड म्हटलं.

त्यानंतर दर पेरणीला आणि दर काढणीला तिथे स्टिअरिंग वळवताना माझं ते ओरडणं मला पुन्हा ऐकू यायचं. मला ते बेट नको होतं. शेताच्या नकाशावरून पुसून टाकायचं होतं. खड्डा रस्त्याजवळ सोयीचा आहे वगैरे सगळं मी लोकांना सांगितलं. कॉनीलाही तेच सांगितलं. तिला आज कळलं.

सकाळी मी खड्ड्याच्या आखणीसाठी मारलेल्या खुंट्या उपटल्या. खड्डा पश्चिमेला, झाडांच्या पलीकडे जाईल. खोदाईवाला कुरकुर करतोय, करू दे. डोलोरेसला फोन करायची गरज नाही म्हणावं.

कुंपणाचे उत्तरेकडचे खांब कुजलेच आहेत. मी नवे आणलेत. जमीन अजून मऊ आहे तोवर कुंपण बेटाच्या पलीकडे नेतो. शनिवारी कामाला लागेन. तू तिचं नाव तुझ्या नोंदीत घाल, वॉशिंग्टनच्या त्या बाईला कळव. गुनहिल्ड कशी गेली तेही खरं लिही. ताप लिहू नको.

आणि एक. ट्रॅव्हिसच्या कबरीवर मी अजून दगड बसवलेला नाही. तू पाहिलं असशील, तुझ्या नजरेतून दगड सुटत नाही. तरी पत्रात विषय काढला नाहीस. दगडवाल्याने तीनदा विचारलं, काय कोरायचं. नावापुढे मला काही सुचत नाही. कॉनीला विचारतो तर ती उठून बाहेर जाते.

तू इतकी थडगी वाचलीस. आईबाप पोरासाठी काय लिहितात ते तुला ठाऊक असेल. शनिवारी ये. आधी आपण दोघं गावातल्या दफनभूमीत जाऊ, मग कुंपणाचं बघू.

ट्रॅव्हिसचा बाप,
व्हर्लिन