बाबांच्या उजव्या बुटावरील डागाविषयी

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मरिया शमुवेल भिंगारदिवे, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, अविवाहित, राहणार बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर. मी जन्मले तेव्हा जिल्हा अहमदनगर होता. मी कुठे हललेले नाही.

मी हा लेख पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला, भिडेला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणारे डॉक्टर माझे विद्यार्थी. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले, मी त्यांना एकोणतीसचा पाढा विचारला. मी बुधवार सांगितला. ते एकोणतीस सत्तेला अडले. दाखला तरीही मलाच घ्यावा लागला.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र लिहायला घेतले होते. ते कलम सहापाशी आल्यावर फाडून टाकले. या खेपेस वकील सुनील भागवत समोर बसून लिहून घेत आहेत, म्हणजे फाडता येणार नाही. खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप कलम सहासाठीच आहे. बाकीची कलमे नुसत्या चहावरही निकालात निघाली असती.

कलम १. मी राहते ते घर, मागच्या पडवीसह, माझा धाकटा भाऊ गिदोन शमुवेल भिंगारदिवे यास देते. तो समोर, गल्लीच्या पलीकडे राहतो. बाबांनी घर माझ्या नावे केले, कारण शेवटची नऊ वर्षे त्यांचे मी केले. गिदोनने तेव्हा काही मागितले नाही. नंतरही मागितले नाही. म्हणून त्याला द्यायचे.

कलम २. पोस्टातली ठेव गिदोनची नात, म्हणजे रॉबिनची मुलगी निकिता हिच्या शिक्षणासाठी. तिने डी.एड. करू नये. ही अट नाही, मत आहे.

कलम ३. शेजारच्या रंगुबाई यांना माझ्या कुंपणाची तार द्यावी. त्यांच्या शेळ्यांनी माझे गुलाब तीन वेळा खाल्ले. दरवेळी त्या म्हणाल्या, "बाई, शेळीला काय कळतंय!" तार आता त्यांनी आपल्या बाजूने लावावी. शेळीला कळेल.

कलम ४. चामड्याचे बूट, एक जोडी, टॅन रंगाचे, नाडीचे, माप आठ. हे बाबांनी, म्हणजे शमुवेल मास्तरांनी, सन १९५२ मध्ये नगरच्या कॅम्पात साहेबलोकांचे बूट शिवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतले. माझे आजोबा चावडीवरून जाताना वहाणा काढून हातात घेत. घ्याव्याच लागत. बाबा पहिल्या रविवारी हे बूट घालून चावडीवरून चर्चला निघाले. कोणी काही बोलले नाही. बाबा परत फिरले आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा चावडीवरून गेले. त्या दिवशी त्यांना उपासनेला उशीर झाला. आयुष्यात तेवढाच एकदा.

पुढे वस्तीतल्या एका मुलाचे लग्न ठरले. त्याच्याकडे फक्त चपला होत्या, म्हणून बाबांनी बूट दिले. तेव्हापासून आमच्या वस्तीतला प्रत्येक नवरदेव चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत हेच बूट घालून चालला. एकतीस नवरदेव झाले. ज्यांचे पाय नऊ मापाचे होते ते लग्नाच्या फोटोत फार गंभीर दिसतात. त्याचा प्रेमाशी संबंध नाही. तळवे सहा वेळा बदलले, वरचे चामडे तेच आहे. बाबा गेल्यावर बूट माझ्या ताब्यात आले, कारण गिदोन पॉलिश करता करता गप्पा मारतो आणि नाड्यांनाही पॉलिश लावतो.

कलम ५. हे बूट मी गिदोनची सून राजनंदिनी रॉबिन भिंगारदिवे हिला देते. तिने ते सांभाळावेत आणि वस्तीत लग्न निघाले की द्यावेत. कोणाला द्यायचे, कोणाला नाही, हे तिने ठरवावे. चर्चच्या पंचकमिटीने त्यात तोंड घालू नये.

राजनंदिनी, बूट परत आले की आधी नाड्या काढायच्या. मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ झाडायची, शिवणीतली विशेष. फडका ओला म्हणजे पिळलेला, टपकणारा नव्हे. आत लाकडी कलबूत घालायचा, म्हणजे तो पायाच्या आकाराचा ठोकळा, बुटांच्याच पेटीत आहे. दोन दिवस सावलीत ठेवायचे. चुलीजवळ नको, उन्हात नको, गाडीच्या बॉनेटवर नको. शेवटची सूचना रॉबिनसाठी. कोरडे झाले की बिनरंगी क्रीम, वाटाण्याएवढे, जुन्या बनियनच्या तुकड्यावर घेऊन, आणि पुरते मुरल्यावर ब्रश. तेल लावायचे नाही. वहाणेला करडईचे तेल चालते, या बुटांना नाही. चामडे काळवंडते आणि मग तसेच राहते. पावसाळ्यात बुरशी धरली तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्याने पुसायची. घामाचे पांढरे चट्टे उठले तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून टिपायचे, घासायचे नाही. आणि कोणताही नवा उपाय आधी टाचेच्या आतल्या बाजूला करून बघायचा, जिथे कोणाची नजर जात नाही.

डाग दिसला तर त्या दिवशी काहीच करायचे नाही. चहा करून प्यायचा. हे मी का सांगते ते पुढच्या कलमात आहे.

कलम ६. सन २००९ च्या मे महिन्यात रॉबिनचे लग्न झाले. राजनंदिनी जामखेडकडच्या शेतकरी घरातली, हिंदू. लग्न आमच्या चर्चमध्ये लागले. हळद आमच्यातही लावतात, आणि रॉबिनच्या पायांना ती अंमळ जास्तच लावली होती. दुसऱ्या दिवशी गिदोनने बूट आणून दिले. उजव्या बुटाच्या टोकावर नखाएवढा पिवळा डाग होता. गिदोन म्हणाला, "आक्का, जरा हळद लागलीय बघ. मी हात लावला न्हाई, तुलाच म्हायती काय करायचं ते."

मला माहीत होते असे मलाही वाटत होते. मी कपड्याचा साबण घेतला आणि डाग घासला. डाग लाल झाला.

इथे नमूद करते की सातवीच्या वर्गाला मी तीस वर्षे एक प्रयोग करून दाखवला. कागदाला हळद लावायची, वाळवायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा. कागद लाल होतो. पोरे ओरडतात. वर उल्लेखिलेले डॉक्टरही ओरडले होते. आणि ती मी, तालुक्याचा आदर्श शिक्षिका पुरस्कार भिंतीवर लावलेली, हळदीला साबण लावून बसले आणि लाल रंग बघून घाबरले. घाबरून रॉकेलचा बोळा फिरवला. त्याने चामड्याचा रंगच निघाला. मध्ये पांढरट आणि भोवती लाल, असा रुपयाएवढा चट्टा झाला. काही न करता तो बूट आठवडाभर खिडकीच्या उजेडात ठेवला असता तर हळद बरीचशी आपोआप उडाली असती. साडीवरची उडते, हे मला ठाऊक होते.

बाबांचा बूट माझ्या हातून नासला, हे मला सोसेना. रविवारी उपासना संपली आणि मंडळी उठायच्या आत मी तो बूट हातात धरून उभी राहिले. म्हणाले, नवरीकडच्यांनी या बुटांची पूजा केली आहे, हे कुंकू आहे. मला कोणी विचारले नव्हते. घरून मी असे ठरवून गेले नव्हते, हे खरे. पण तोंडातून गेल्यावर शब्द मागे घेतला नाही, हेही खरे.

गिदोन तेव्हा पंच होता. तो उठून म्हणाला, "असं काय बी झालं न्हाई. बायबलावर हात ठिवून सांगतो." कोणी बायबल पुढे केले नाही. एकीकडे मास्तरीणबाईंचा शब्द, दुसरीकडे नवऱ्या मुलाच्या बापाचा. लोकांनी माझा धरला. महिन्याभरात त्याला पंचपदावरून उतरवले, खोटे बोलतो म्हणून. तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि माझ्या घरात यायचा बंद झाला.

राजनंदिनी लग्न होऊन आठ दिवसांची होती. बाहेर पडताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "आत्या, आमच्यात बूट नाही पुजत." त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही.

चट्टा मी श्रीरामपूरला बिभीषण आगवणे यांच्याकडे नेला. ते बूट शिवतात आणि रंगवतात, आणि या कामात त्यांच्या हाताला तोड नाही. त्यांनी बूट उजेडात धरला. म्हणाले, "बाई, ह्यो कुकू न्हाई. साबन हाय ह्यो, आन् वरून राकेल. कुनी केलं?" मी रंगवायचे किती होतील ते विचारले. ते म्हणाले, "मी कुनाला सांगनार न्हाई. पन तुमी सांगा." त्यांनी दोन्ही बूट एक छटा गडद करून दिले. सोळा वर्षे त्यांनी खरोखर कोणाला सांगितले नाही. मीही नाही. बूट मी पेटीत बंद केले, आणि तेव्हापासून आमचे नवरदेव पांढरे स्पोर्ट्स शूज घालून वेदीसमोर उभे राहतात. त्यालाही मीच जबाबदार.

सांगायचा प्रयत्न केला नाही असे नाही. समोरच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत तीनदा गेले. एकदा निमित्त म्हणून वाटी नेली आणि साखर मागून परत आले. साखर घरात होती.

गेल्या जुलैत मी न्हाणीघरात पडले. दोन महिने राजनंदिनीने दोन्ही वेळचा डबा आणून दिला. ती काही बोलली नाही. मीही खाल्ले आणि काही बोलले नाही. यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते तर भाकरी सुखाने गिळली असती.

सबब मी जाहीर करते की तो डाग हळदीचा होता. तो मी साबणाने लाल केला आणि रॉकेलने वाढवला. कुंकू कोणी वाहिले नाही. गिदोन खरे बोलला होता. राजनंदिनी, मी तुझ्यावर आणि तुझ्या माहेरच्या माणसांवर खोटा आळ घेतला. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते. माफ कर असे लिहिते, पण ते करायचे की नाही, हे तुझ्यावर.

कलम ७. कलम सहा माझ्या अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये मोठ्याने वाचावे. माझ्याविषयी चांगले बोलायला सुरुवात होण्याआधी वाचावे, म्हणजे कोणाची पंचाईत होणार नाही. या लेखात न आलेली, किंवा ज्याला दिली त्याला काही कारणाने न मिळालेली, माझी सर्व मालमत्ता राजनंदिनीला जावी. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम वकील भागवत यांनी पाहावे.

कलम ८. (हे कलम मी सही करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.)

पहिले साक्षीदार आगवणे वेळेवर येऊन बसले. दुसरे साक्षीदार म्हणून पाळकसाहेब येणार होते. त्यांना अचानक पुण्याला जावे लागले. वकील म्हणाले, गल्लीतले कोणीही शहाणे माणूस चालेल. राजनंदिनी डबा घेऊन आली होती. तिने ते ऐकले आणि समोरून गिदोनला बोलावून आणले. मी "नको" म्हणेपर्यंत तो दारात उभा होता.

वकील त्याला म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, नुसती सही पाहायची असते. गिदोन म्हणाला, "वाचल्याबिगर मी सही करत न्हाई." त्याने माझाच चष्मा उचलला. राजनंदिनी म्हणाली, "मामा, आत बसून वाचा." तो बसला. कलम सहा त्याने दोनदा वाचले, दुसऱ्यांदा मोठ्याने, सुनेला ऐकू जाईल असे. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "आईला फोन करून सांगते." आणि अंगणात गेली. मी जमिनीकडे बघत होते.

वकिलांनी गिदोनला समजावले, "तुम्हाला घर दिलेलं आहे. कायद्यानं साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केली की घर तुमच्या हातचं गेलं, ते सुनेकडे जाईल. मी श्रीरामपूरहून दुसरा माणूस बोलावतो, तासाभरात येईल."

गिदोन म्हणाला, "आत्ताबी सुनंच्याच घरात ऱ्हातो."

मी म्हणाले, "गिदोन, घर घे. सही कोणीही करेल." सोळा वर्षांनी त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

तो म्हणाला, "आक्का, सोळा वर्सं हितं माझा शब्द कुनी धरला न्हाई." मग वकिलांकडे वळला. "वकीलसाहेब, साक्षीदाराचा धरत्यात ना?"

वकील म्हणाले, धरतात.

"मग पेन द्या."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने सही करून ठेवले.

ठिकाण: बेलापूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

(सही) मरिया शमुवेल भिंगारदिवे

मरियाबाईंनी वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली, आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) बिभीषण आगवणे, धंदा बूट-चप्पल दुरुस्ती, राहणार श्रीरामपूर

साक्षीदार २: (सही) गिदोन शमुवेल भिंगारदिवे, वय एकाहत्तर, राहणार बेलापूर. वाचून सही केली. मजकूर खरा आहे.