बँकेच्या साहेबावर पाइप

सोमनाथ, तुझा फोन चरायला सोडलाय का? आठ दिवसांत नऊ वेळा लावला. दर वेळी तुझी लक्ष्मी उचलती आन् म्हणती, “अक्का, ते रानात गेलेत.” रानात जाताना खिसा घरी ठेवून जातो व्हय? म्हणून हे पत्र. चौथीच्या पुढं शाळा नाय माझी, चुकलं तर सुधारून वाच. तुम्ही समदे बरे असालच, आमचं विचारू नको.

विश्वजीतनं दवाखान्यासाठी पुंडलिकनगरात प्लॉट घेतला, त्यापायी माझं सासरचं घर विकावं लागलं. बांधकामाला बँकेचं कर्ज, तेबी एकदम नाय, जेवढं काम होईल तेवढा हप्ता. पहिला स्लॅब टाकून झाला. गुत्तेदाराचा माणूस पाणी मारायला येईना, म्हणून रोज पाइप धरून मीच उभी (डॉक्टरची आई, पण बसायला कुणी साधी वीटसुद्धा देत नाय). मागल्या बुधवारी एक माणूस न सांगता आत शिरला आन् टेप लावून भिंत मोजायला लागला. शेजारी अर्ध्या फुटासाठी कुरकुरतो, मला वाटलं त्याचाच माणूस. पाइप फिरवला त्याच्यावर. वरून ओरडले, इंचभर जागा देणार नाय, कोर्टात खेचीन! तो निघाला बँकेचा इंजिनिअर. निथळत गेला आन् कागदावर लिहून मोकळा झाला, की जागा वादात हाय. शेजारी त्या दिवशी जालन्याला लग्नाला गेलेला. वाद घालायला मी एकटीच होते.

तवापासून हप्ता बंद, काम बंद. गुत्तेदार मिक्सर उचलून चिकलठाण्याला घेऊन गेला. सळया गंजायला लागल्यात. विश्वजीत मला काही बोलत नाय. बोलला असता तर मीबी चार शब्द ऐकवले असते. दिवसभर दुसऱ्याच्या दवाखान्यात पेशंट बघतो, येताना त्या स्लॅबखाली गाडी लावून बसून राहतो. काल भरल्या ताटावरून उठला.

असो. लेकरांना आशीर्वाद.

तुझी अक्का,
सारजा

ता. क. बँक म्हणती, जमीनवाला जामीनदार आणा, मग बघू. बाबांची जमीन तुझ्या एकट्याच्या नावावर हाय. हक्कसोडाला मला रजिस्ट्री कचेरीत नेलंस, तवा तू बोट ठेवलंस तिथं मी सही केली, कागदात काय हाय विचारलं नाय. तू वाच, वकिलाला दाखव, मला राग नाय. पण सही कर.

आणखी एक. सूनबाई मोनिका म्हणती, “आई, काही दिवस भावाकडं राहून या.” किती दिवस, ते तिनं सांगितलं नाय, मीबी विचारलं नाय. सोमवारी दिवस मावळायच्या आत कळव, बँकेत सही करतोस का पडवीत माझी खाट टाकतोस.