भागीबाईंच्या भिंतीतली नर्स

४ जानेवारी २०२५, शनिवार

लहानू सुताराचा फोन. "ताई, देवळाली कॅम्पात एका घरी आलोय. भिंतीची ओल आलेली फळी उचकटली तर कागदांच्या थराखालून इंग्रजी चित्र निघालं. तुमच्या कामाचं दिसतंय!" माझ्या जुन्या सिनेमा-पोस्टरांचे सपाट खण त्यानेच बनवलेत, त्यामुळे माझं वेड त्याला ठाऊक.

मागोमाग फोटो आला. नुसता कोपरा. पांढरी टोपी, एक डोळा, मागे काळ्या आकाशात सर्चलाइटचे दोन झोत.

दूध उतू गेलं. जाऊ दे!

तीच ती. माझी नर्स! अकरा वर्षं शोधतेय. १९४३ चा इंग्रजी सिनेमा, लढाईतल्या हॉस्पिटलचा. एका जुन्या मासिकात बोटभर जाहिरात पाहिली होती, तेवढीच ओळख. मोठं पोस्टर कुणाकडेच नाही. तिकडे इंग्लंडात युद्धामुळे कागदाची टंचाई, जुनी पोस्टरं लगद्यात गेली. पण कॅम्पात गोऱ्या सोल्जरांसाठी थिएटर होतं. एखादी प्रत इथे आली असणारच, असं मी कायम म्हणायचे. लोक हसायचे.

आनंदाच्या भरात संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं — कॅम्प, बाजारामागची गल्ली.

५ जानेवारी

मूर्ख. मूर्ख मी!

सकाळी पोचले तर दारात मुंबईची गाडी. कुंदन — पोस्टरांचा व्यापारी. सोबत करवतीचं मशीन. "तेवढाच तुकडा कापून नेतो आजी. आत्ता रोख देतो."

घर भागीबाईंचं. पंचाहत्तरीच्या असतील, बाजारात भाजी विकतात. फळ्यांच्या भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या. भिंतीपलीकडे सून, अकरा दिवसांची बाळंतीण. बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"आन गार वारं कोन अडवील? तुमची नोट?"

कुंदन म्हणाला, "दुप्पट देतो."

"मंग दुप्पट वारं यील!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आधी नवी भिंत उभी करून देते. मग जुनी मागते. नाही दिलीत तरी नवी तुमचीच."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी काय करता, बाई?"

"नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. चौतीस वर्षं कागद तपासले."

"म्हून येड लागलंय!" म्हणाल्या आणि हसल्या. कुंदनला म्हणाल्या, "तुमी निघा आता. पोरगं दचकतंय मशीन बघून." पोराने मशीन पाहिलंही नव्हतं!

८ जानेवारी

भिंत उभी! लहानूने तीन दिवसांत केली, आतून जाड प्लायवुड, ओल येऊ नये म्हणून खाली विटांचा थर. हे सुद्धा आले होते. पोस्टरांना उठता-बसता रद्दी म्हणणारे हे, दिवसभर फळ्या धरून उभे!

भागीबाईंनी बोटाच्या पेराने भिंत चारदा वाजवली. सुनेला विचारलं, "वारं लागतंय का गं?" आतून आवाज — "नाय, आई."

"न्या तुमची बाई."

९ जानेवारी

नर्सवाल्या फळ्या, जोडलेल्या तशाच, हॉलमध्ये. जेवायचं टेबल गॅलरीत गेलं. आम्ही खाली बसून जेवतो.

१५ जानेवारी

वर देवांची कॅलेंडरं, त्याखाली वर्तमानपत्रं, त्याखाली चिंध्या झालेलं एक दुसरंच पोस्टर. सगळ्यात आत ती. वाफ द्यायची, टीपकागद दाबायचा, बांबूची पातळ काडी सरकवायची. वीतभर सोडवायला एक दिवस. मान धरलीय.

एक कळलं — खळीत मोरचूद घातलेलं आहे, हिरवट झाक दिसते. म्हणून ऐंशी वर्षांत कसर लागली नाही. ज्याने चिकटवलं, त्याने मन लावून चिकटवलं.

१६ जानेवारी

डाव्या बाजूला फाटत होतं. काडी खाली ठेवली. आज काही नाही.

१९ जानेवारी, रविवार

सुटली! अख्खी!

चाळीस इंच रुंद, तीस उंच. निळा तर असा, की कालच शाई वाळलीय. भिंगाखाली दगडी छपाईचे दाणे दिसतात. खाली छापखान्याचं नाव सुद्धा शाबूत. आणि तिचा चेहरा! जाहिरातीत ती घाबरलेली वाटायची. घाबरलेली नाहीच. चिडलीय! कंदील धरून कुणावर तरी चिडलीय!

मी फरशीवर बसून रडले. हे चहा घेऊन आले, बघत राहिले. म्हणाले, "रद्दी म्हणायचो, ते मागे घेतो." चहा गार झाला, दोघांचाही.

३० जानेवारी

लंडनच्या एका संग्रहालयाचं उत्तर — त्यांच्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे असल्याचं माहीत नाही. तीनदा वाचलं. मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग परत एकटीने.

कुंदनचा मेसेज: "अभिनंदन मॅडम. किंमत बोला." उत्तर दिलं नाही. फार मजा आली!

२ फेब्रुवारी, रविवार

मेथीच्या दोन जुड्या घेऊन भागीबाई नर्स बघायला आल्या. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, चिकटवणारे त्यांचे सासरे. थिएटरात तेच काम करायचे. मग सहज बोलल्या, "थेटर मोडलं तवा चित्रं डकवलेल्या फळ्या समद्या गल्लीनं नेल्या. आमच्या वळीत नऊ घरं हायेत. समद्यांच्या भिती तसल्याच."

लहानूला फोन लावला. आठ भिंती बांधायच्यात.