चढले, उतरले

बोरदरा,
गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय परमेश्वर,

दर रविवारी फोनवर तुझा पहिला प्रश्न असतो, आक्का, गाडी टायमावर हाय का. मी हाय म्हणते. मागच्या दोन रविवारीही म्हणाले. ते खोटं नाही. सकाळी सात बावीसला गाडी येते, वळणावर शिट्टी देते आणि निघून जाते. थांबत नाही. एक तारखेपासून आपल्या गावचा थांबा बंद झाला आहे. तू विचारलंस ती वेळेवर आहे का, आणि मी तेवढ्याचंच उत्तर दिलं. तुझ्या टोळीत आपल्या गावचं कुणी नाही म्हणून हे तुझ्यापर्यंत आलं नाही. येऊ नये अशी मायची इच्छा होती. आज मी ती मोडते आहे. पहिल्यापासून लिहिते, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

दसऱ्याच्या आधी गाडी सुरू झाली तेव्हा तू इथे होतास. मायला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा नगरला न्यायचं, दोन एसट्या बदलायच्या, आणि येताना ती रस्त्याच्या कडेला बसून ओकायची. तू तिला फाट्यापासून घरापर्यंत पाठीवर आणायचास. ती तुझ्या कानात म्हणायची, लई जड झाले का रे? आणि तू म्हणायचास, पोत्यापेक्षा हलकी हायस. मग गाडी आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी चढायचं, साडेनऊला नगर, चार तास सुई, चारच्या गाडीने परत. खिडकीशी बसून ती शेरडांच्या गोष्टी सांगायची. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, ही गाडी रोज येणार का? रोजच्या रोज? मी हो म्हणाले. तेव्हा मी नुकतीच तिकीटविक्रीला बसले होते आणि गाडीबद्दल सगळं मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

तिकिटं विकणं हे अर्धं काम होतं. दुसरं काम मोजण्याचं. थांबा सहा महिन्यांसाठी, बघून ठरवायचा, असं कागदावर होतं. त्यासाठी वही होती. तिच्यात दोन रकाने, चढले आणि उतरले. पानं मी स्वतः पट्टीने आखायची. मायबरोबर मीही जायची-यायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी वरच्या ऑफिसला फोन करून विचारलं की स्वतःला मोजू का. ते म्हणाले, तिकीट विकणारा प्रवासी धरायचा नाही. मी धरला नाही. ऑक्टोबरात रोज चाळीस-पंचेचाळीस माणसं चढायची. बाजारची, कॉलेजातली, कुणी नुसती नगर बघायला. महिन्याच्या शेवटी बेरीज करताना मला बरं वाटायचं. सरपंच विजयसिंह येऊन वही बघायचे आणि म्हणायचे, वनमाला, आता आपलं गाव नकाशावर आलं.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीचे ट्रक आले. तुम्ही गेलात तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी गाडीला सात माणसं होती आणि वेशीजवळच्या अकरा ट्रकांत सगळं गाव होतं. योगिता ट्रकमध्ये वर बसली होती, लेकरं तिच्या मांडीवर, आणि ती मला सांगत होती की मायच्या गोळ्यांचा डबा फळीवर आहे. दुसऱ्या दिवसापासून वहीत आकडे पडायला लागले. नऊ, सहा, आठ. संध्याकाळी उतरणारे तर नसायचेच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पानांवर उतरलेच्या रकान्यात सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी एक आकडा आहे आणि बाकी दिवशी बहुतेक शून्य. तो एक म्हणजे माय. मी तिला हात देऊन उतरवायची, बाकावर बसवायची आणि आत जाऊन एक लिहायची. चढलेल्यांत खोटं लिहिता आलं नसतं, तिकिटांचे नंबर असतात. उतरलेल्यांत आलं असतं. कुणी बघत नव्हतं. मी लिहिलं नाही. हा प्रामाणिकपणा होता की नुसती सवय, ते मला सांगता येत नाही.

संक्रांतीनंतर कागद आला. नोव्हेंबर आणि डिसेंबरची सरासरी पाहता थांबा परवडत नाही. हरकत असेल तर तीन दिवस फेरमोजणी होईल, निरीक्षक येतील, रोज किमान तीस माणसं हवीत. विजयसिंहांनी पारावर सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे कोण, तुला माहीत आहे. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. विजयसिंह म्हणाले, तीन दिवस सगळ्यांनी गाडीत बसायचं, तांबेवाडीपर्यंत, एकच स्टेशन. छबुबाई म्हणाली, आन् तिथं जाऊन काय करायचं? विजयसिंह म्हणाले, काही करायचं न्हाई, उतरायचं, माझा ट्रॅक्टर उभा आसंल, त्यात बसून घरी यायचं. छबुबाई म्हणाली, मग आमाला ट्रॅक्टरनंच नेऊन ट्रॅक्टरनंच आणा की, गाडीला कावून तरास? सगळे हसले. मायही हसली. मीही तिथे होते, परमेश्वर. त्या बेतातली चूक माझ्यासमोर होती आणि मला दिसली नाही. मी त्या वेळी मायची सूज बघत होते. तिचा पाय बोटाने दाबला की खड्डा पडत होता.

पहिला दिवस सोमवार. सेहेचाळीस तिकिटं विकली. धुतलेली धोतरं, डोक्यावर पदर, काही जण पहिल्यांदाच गाडीत बसत होते. निरीक्षक साहेब फलाटाच्या टोकाला वही घेऊन उभे होते. पन्नाशीचे, शांत, गळ्यात मफलर. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात छबुबाई सांगत होती, लेकीकडं चाललेय नगरला, बाळंतपण हाय तिचं. तिची लेक चाळिशीच्या पुढची आहे. तांबेवाडीला सगळे उतरले, मी आणि माय पुढे गेलो. चार तास मी तिच्या पलंगाशेजारी बसले होते आणि मनात म्हणत होते, सेहेचाळीस. संध्याकाळी गाडी बोरदऱ्याला थांबली. मी उतरले, मायला उतरवलं आणि मागे पाहिलं. आमच्या मागे कुणी नव्हतं. साहेबांनी लिहिलं, चढले सेहेचाळीस, उतरले एक. मग त्यांनी मला विचारलं, ताई, या गावातून माणसं जातात ती परत येत नाहीत का? त्याच वेळी छबुबाई शेरडं घेऊन रुळाच्या पलीकडून आली. साहेब म्हणाले, मावशी, नगरला गेला होता ना? ती म्हणाली, गेलते की. आले बी. कशाने आलात? ट्रॅक्टरनं. दुपारची गाडी कुठं हाय तुमची? मला काय तिथं दिवसभर बसवून ठेवता? साहेब हसले. हसत हसतच त्यांनी शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं.

तो रकाना मी रोज आखत होते. माणसं मोजली जातात ती दोनदा, जाताना आणि येताना, हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. मी एक वाक्य पारावर बोलले असते तर पुरलं असतं. मंगळवारी आणि बुधवारी सगळे भाकरी बांधून गेले, तांबेवाडीच्या फलाटावर उन्हात दिवसभर बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. मंगळवारी अडतीस गेले, अडतीस आले. बुधवारी एकतीस. सटवाच्या म्हाताऱ्याला ऊन लागलं, त्याला दोघांनी धरून उतरवलं. उतरताना तो मला म्हणाला, पोरी, मला मोजलं का? पण सोमवारचा शेरा लिहून झाला होता. प्रवास खरा वाटत नाही. त्या एका शेऱ्याने तिन्ही दिवस बाद झाले.

बुधवारी संध्याकाळी मी साहेबांना गावात नेलं. मायला ओट्यावर बसवलं आणि त्यांना गल्ल्या दाखवल्या. कुलपं दाखवली. काही कडीला नुसती तार बांधलेली. तुझं दारही दाखवलं. ते चालता चालता मोजत होते, मी सांगितलं नव्हतं. बावन्न, ते म्हणाले. ही माणसं कधी येतात? मी म्हणाले, पाडव्याच्या पुढेमागे. आणि जातात दिवाळीनंतर. म्हणजे आम्ही मोजले तेच महिने, ते म्हणाले. आपल्या ओट्यावर त्यांनी पाणी घेतलं. मायने त्यांना विचारलं, साहेब, माझं नाव लिवलं का? ते म्हणाले, नाव लिहीत नाहीत आजी, आकडा लिहितात. जाताना मला म्हणाले, ताई, मला कळतंय, पण कुलपं लिहायला माझ्या कागदात जागा नाही. मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

नवीन वेळापत्रक छापून आलं, त्यात तांबेवाडीनंतर आपलं नाव नाही. थांबा काढल्याने गाडीची चार मिनिटं वाचतात. तिकिटाची खिडकी बंद केली, वह्या नेल्या, बाक तसाच आहे. दोन तारखेला, सोमवारी, विजयसिंहांनी जीप दिली आणि आम्ही तांबेवाडीला जाऊन गाडी धरली. बुधवारी जीप लग्नाच्या बस्त्याला गेली होती. मोटारसायकलवर गेलो, त्यांचा माणूस पुढे, माय मध्ये, मी मागून तिला धरून. सहा किलोमीटर. तुला तो रस्ता माहीत आहे. त्या दिवशीही गाडी मिळाली. शुक्रवारी ओढ्यात उतरल्यावर तिला ओकारी आली. थांबलो, तोंड धुतलं, पाणी दिलं. पुन्हा बसवलं, पुन्हा थांबलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा गाडी फलाटावर उभी होती, ती आमच्यासमोर हलली. मोटारसायकलवाला ओरडला, हात केले. माय मला म्हणाली, नको वरडू म्हण त्याला, त्यांना टाइम आसतो. मग ती फलाटावर बसली. मी दवाखान्यात फोन लावला, ते म्हणाले उद्या अकराच्या आत आणा, करून देऊ. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बास झालं आता. गाडीच्या मागं पळून जगायचं वय न्हाई हे माझं.

परमेश्वर, हे आधी लिहायला हवं होतं, शेवटी लिहिते आहे. चार तारखेच्या बुधवारनंतर माय डायलिसिसला गेलेली नाही. आज आठ दिवस झाले. बीडच्या दवाखान्यात डायलिसिसच्या यादीत नाव आहे, नंबर लागलेला नाही. नगरला खोली घेऊन राहू म्हणाले, तर म्हणते शेरडं कोण बघंल, आणि तोंड फिरवते. विजयसिंहांनी जीप दारात आणून उभी केली, ती आतून कडी लावून बसली. मी रागावले, पाया पडले, जेवले नाही. ती म्हणते, तू जेव. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दहा-बारा दिवस. रविवारी ती तुझ्याशी बोलली, बरी हाय म्हणाली, लेकरांना विचारलं, तेव्हा मी शेजारी तिचे पाय चेपत होते आणि गप्प होते. फोन ती उशीखाली ठेवते. दुसऱ्याच्या फोनवरून मी तुला तीनदा लावला आणि तू हॅलो म्हणालास की बंद केला. ते फोन मीच केले होते. तू मध्येच कोयता टाकून यावंस हे तिला नको आहे, आणि ती गेल्यावर तुला कळावं हे मला सोसणार नाही. सटवाचा ट्रक आज तुमच्या कारखान्याकडे निघतो आहे. हे पत्र तो उद्या सकाळी तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. मुकादमाला काय सांगायचं ते तू बघ. योगिताला आण, लेकरांना आण. नगरहून चारच्या गाडीत बसा आणि तांबेवाडीला उतरा. मी उद्या संध्याकाळी तिथे उभी असेन, तुम्ही दिसला नाहीत तर परवाही असेन. तिथून घर सहा किलोमीटर आहे, आपण चालत येऊ. तुला मला जे बोलायचं असेल ते वाटेत बोल, जो दोष द्यायचा असेल तो वाटेत दे. घरात तिच्यासमोर काही विचारू नकोस. आत ये आणि नुसता तिच्याजवळ बस.

तुझीच,
वनमाला आक्का